नाव मिटलेलं रान

कॅसिडी बोअर वस्ती
३ मार्च

लोर्ना वहिनी,

मी मर्टल. अक्षरावरून ओळखलंच असशील. कोंबडीनं उकरल्यासारखं लिहितेस म्हणायचीस, अजून तसंच आहे. मिशनच्या शाळेत बसवलं खरं, पण त्यातले अर्धे दिवस पाद्रीणबाईच्या चादरी धुण्यात गेले. उरलेल्या अर्ध्यात जे शिकले त्यावर हे पत्र.

फोन करून पाहिला. दुकानातल्या फोनला चिकटून उभं राहायचं, मागे सगळी वस्ती कान लावून, आणि तिकडे ॲडिलेडात तू उचलत नाहीस. म्हणून लिहितेय. ख्यालीखुशाली विचारायला नाही. काम आहे.

लष्कराची तोफांच्या सरावाची रेंज परत देतायत.

हो, तीच. कुंपण, लाल पाट्या, कवटीचं चित्र, सगळ्यासकट. लष्कराला आता तिथे तोफा उडवायच्या नाहीत, दुसरीकडे कुठे उडवत असतील. त्यांची माणसं यंत्रं फिरवून जुने गोळे वेचत होती, ते काम संपलं. सप्टेंबरात कुणी मोठा साहेब विमानानं येणार, नुंगाल्का मावशीच्या हातात कागद देणार, फोटो काढणार. मग रान आपलं. होतं आपलंच, पण आता त्यांच्या कागदावरसुद्धा आपलं.

आता भानगड ऐक.

जमिनीच्या ऑफिसातून एक वकीलबाई येते, फिलिपा. तरुण आहे, उन्हानं नाक सोललेलं, मनानं वाईट नाही. गेल्या वर्षी मावशीला म्हणाली, कागदावर 'रेंज नंबर चार' कशाला, तुमचं नाव घालू या. त्या खडकातल्या पाण्याला तुम्ही काय म्हणता?

मावशी काय सांगणार? त्या पाण्याचं नाव म्हणजे माझ्या भावाचं नाव. तुझ्या नवऱ्याचं. पाण्याकाठी जन्मला म्हणून तेच ठेवलेलं. तो गेला तसं ते नाव मिटलं, कुणी घ्यायचं नाही; चार वर्षं झाली आणि तू अजून ते उघडलेलं नाहीस. मिटलेलं नाव मावशी कशी घेईल? गेलेल्या माणसाच्या नावाच्या जागी आपण जे म्हणतो तेच ती म्हणाली. कुन्मनारा.

फिलिपानं घेतलं लिहून.

काल ती फळा घेऊन आली. जाड लाकूड, हातभर कोरलेली अक्षरं. 'कुन्मनारा. आपलं स्वागत आहे.' म्हणजे 'नाव घेऊ नका. आपलं स्वागत आहे.' मावशी आधी नुसती बघत राहिली, मग हसायला लागली ती खुर्चीवरून खाली. फिलिपाला वाटलं आनंद झाला, तीही हसली बिचारी. वर तिनं दुकानाच्या दारावर चिकटवलं, 'आज कुन्मनाराबद्दल मीटिंग'. आपला गॅरेजवाला! त्याचं नाव तुझ्या नवऱ्याचंच, म्हणून तेव्हापासून त्यालाही सगळे कुन्मनाराच म्हणतात. तो अंघोळ करून, भांग पाडून हजर. म्हणे, "माझ्यावर मीटिंग? मी काय केलं? ती बॅटरी मला रस्त्यात सापडली होती."

शेवटी मीच फिलिपाला बाजूला घेतलं. म्हटलं, "बाई, ते नाव नाही. नाव झाकायचं फडकं आहे ते."

ती लालबुंद झाली. "मग खरं नाव कोण सांगू शकेल?"

"त्याची बायको. आई असती तर तिनं उघडलं असतं. मावशी म्हणते, मी आईसारखी आहे, आई नाही. राहिली बायको."

"मग तिला विचारा ना!"

तर विचारतेय. ये. घरात पानांचा धूर करू, झाडून काढू, तू एकदा त्याचं नाव मोठ्यानं घे, मग सगळ्यांना घेता येईल. एवढंच काम. राहायचं नसेल तर राहू नकोस. चहा देईन.

मर्टल


कॅसिडी बोअर
३० मार्च

लोर्ना वहिनी,

टपालाचं विमान आलं आणि गेलं. माझ्यासाठी फक्त क्लिनिकचं पाकीट. त्यांचं नेहमीचं, रक्त तपासा, लघवी तपासा. चुलीत घातलं.

रान पाहून आले. गोळे वेचणाऱ्यांच्या मुकादमानं गाडीतून नेलं, मला आणि मावशीला. पन्नाशी आली, आणि माझ्या रानात मी पहिल्यांदा पाय ठेवला. तुला ठाऊक आहे, माझा जन्म मिशनमधला. भाऊ अंगावर पीत होता तेव्हा सगळ्यांना ट्रकमध्ये भरून हाकललं. रान मागे राहिलं, नाव तेवढं त्याच्या अंगावर बाहेर आलं.

फाटकाशी मावशी उतरली. काठी टेकून उभी राहिली आणि आतल्या जुन्या माणसांना हाक मारली. असा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं. "अगं बायांनो, अरे म्हाताऱ्यांनो, मी आलेय! नुंगाल्का! लहान होते, शेंबूड गळत होता, तीच मी! हा गोरा माझ्याबरोबर आहे, गाडी चालवतो, त्याला काही करू नका!" मुकादमानं टोपी काढली. घाबरला होता.

मग माझा हात धरून म्हणाली, "आणि ही..."

आणि थांबली.

ज्याचा त्या पाण्यावर जन्म, त्याच्या नावानं ओळख द्यायची. "ही अमक्याची बहीण." अमका कोण, तेच म्हणता येईना. मावशीनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग माझ्या पाठीवर थापटलं आणि म्हणाली, "चल. सांगू नंतर." गोऱ्या मुकादमाची ओळख झाली आणि माझी राहिली. मी आपली कुणाच्या तरी घरात न विचारता घुसल्यासारखी मागून गेले.

पाणी आहे. तो सांगायचा तसंच, खडकात खोल, तोंडावर चपटा दगड, जनावरं पडू नयेत म्हणून ठेवलेला. ट्रकमध्ये चढायच्या आधी तुझ्या सासूनंच तो ठेवला होता म्हणे, लगेच परत येऊ या हिशोबानं. मावशी दगडावर हात ठेवून बसली, उठेचना.

खडकावर लष्करातल्या पोरांनी नावं खोदून ठेवलीत. केविन. बॅरी. डग्लस आणि एक बदाम. त्यांची नावं तिथे उघडी, उन्हात. त्याचं कुणाच्या तोंडात नाही.

येताना बूट चढेनात, पाय सुजले होते. खूप चालणं झालं, दुसरं काही नाही.

ये आता. आधी नावाचं बघू, भांडण नंतर करू.

मर्टल


रेंज
१९ मे

लोर्ना,

आज वहिनी लिहीत नाही.

दोन पत्रं झाली. दगडाला लिहिलं असतं तर त्यानं कूस बदलली असती.

मला माहीत आहे कशावर बसली आहेस तू. त्याला पुरला त्या दिवशी मी जे बोलले त्यावर. 'जिवंत नेलास आणि डब्यात घालून आणलास.' बोलले. सगळ्यांसमोर बोलले. खोटं होतं का? त्याला पाण्याजवळ बसून मरायचं होतं. तेव्हा मध्ये कुंपण होतं, बरोबर आहे. मग कुंपणाला टेकून बसवायचा होता. तू म्हणालीस, किडनीच्या मशीनवर ठेवलं तर जगेल. जगला. खुर्चीला नळ्यांनी बांधलेला, खिडकीतून दुसऱ्याची भिंत बघत. असलं जगणं.

आणि तू उलटून एक शब्द बोलली नाहीस. त्याची टोपी उचललीस आणि बसकडे चालायला लागलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

मजेत आहेस म्हणतात. खिडक्यांना पडदे लावलेत म्हणे. पडदे! तुला बघायला कोण टपलंय?

मी रानात राहायला आले आहे. मुकादमानं परवानगी दिली. लष्कराची पत्र्याची खोली आहे, दारावर अजून लिहिलंय, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. आत मी. पाणी आणायला गेले की दर वेळी वाटतं कुणीतरी मागून विचारील, तू कोण गं? मावशीला म्हटलं, तर म्हणते, विचारतच असतील, त्यांना सांगितलंय कुठे कुणी.

सगळे म्हणायचे ना, रान मिळू दे, एकजात सगळे तिकडे जाऊ? आता विचारलं तर म्हणतात, तिथे टीव्ही लागतो का. फुटबॉलची मॅच कुठे बघायची. दुकान किती लांब. मावशीला यायचंय, पण तिच्या गुडघ्यांना नाही. एक कुत्रा आला, लष्कराच्या माणसांनी मागे टाकलेला. कर्नल नाव ठेवलंय. घोरपड दिसली की भुंकतो आणि माझ्या मागे लपतो. संध्याकाळी मी त्याच्याशी बोलते. परवा लक्षात आलं, दिवसभरात बोलले ते तेवढंच.

तुला हे का सांगतेय? कागद उरला होता म्हणून.

मर्टल


रेंज
२२ जून

लोर्ना वहिनी,

हेक्टर म्हातारा परत आला. ॲडिलेडचं किडनीचं मशीन सोडून आला. डॉक्टरांना म्हणाला, पुरे आता, घरी जातो. त्याला बघायला मी वस्तीवर गेले, राखेत भाजलेली भाकरी घेऊन. खाल्ली नाही त्यानं, हातात धरून हुंगत बसला.

त्याच्याकडून कळलं सगळं.

तू मशीनच्या त्या घरात रोज जातेस म्हणे. कुणी ठेवलेलं नाही, कुणी पगार देत नाही, आपली जातेस. आपल्या माणसांच्या पायांवर पांघरूण घालतेस, त्यांच्या भाषेत त्या नर्सांना शिव्या देतेस आणि नर्सांच्या भाषेत गोड बोलतेस. अंगणात खड्डा करून कांगारूची शेपटी भाजलीस, शेजाऱ्यानं धूर बघून बंब बोलावला. बंबवाल्यांना पण एकेक तुकडा दिलास म्हणे. हेक्टर सांगताना इतका हसला की त्याला धाप लागली.

आणि पडदे त्या घराचे आहेत. दुपारचं ऊन खुर्चीवरच्या माणसांच्या डोळ्यांवर येतं म्हणून तू शिवलेस.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तू तर नाहीच नाही.

मी विचारलं, "मग नाव का उघडत नाही ती? माझ्यावर राग म्हणून?"

"तुला काय वाटतं, सगळं जग तुझ्यावर रागवायला बसलंय?" हेक्टर म्हणाला. "टोपी गेली तिची. त्याची टोपी. बसमध्ये विसरली की कुणी उचलली, गेली. आता त्याचं तिच्याकडे काय आहे? एक नाव आहे. उघडलं की ते सगळ्यांचं. पोरं फुटबॉलच्या मागे ओरडतील ते. गॅरेजवाला बिलावर लिहील."

आणि तुझा निरोप दिला. "मर्टलला सांग, रान तिचं, नाव माझं."

हातातला चहा सांडला माझ्या. हेक्टर म्हणाला, "रागानं का?" म्हटलं, कप गरम होता.

मी काही मागे घेत नाहीये. पण पडद्यांचं बोलले होते ते खोड.

मर्टल


रेंज
८ ऑगस्ट

लोर्ना वहिनी,

ज्या म्हाताऱ्यानं तुझा निरोप आणला, तो गेला. मागच्या पत्रात त्याचं नाव चार-पाचदा लिहिलंय, ते पत्र जाळ नाहीतर झाकून ठेव. घरी मेला, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. बायको केस कापून बसली आहे. अजून एक नाव मिटलं. अशी नावं मिटत गेली तर काही दिवसांनी आपण एकमेकांना नुसतं 'ए' म्हणू.

आता दुसरं. तू क्लिनिकला फोन केलास. मला नाही, सिस्टरला. आणि विचारलंस काय, तर "ती मीठ खाते का?" चार वर्षांनी एक प्रश्न विचारलास तो हा!

तुझ्या त्या मशीनवाल्यांकडे माझं नाव गेलंय म्हणे. जाऊ दे. नावं काय, कुठेही जातात. मी येणार नाही. सिस्टर गाडी घेऊन इथपर्यंत आली, धुळीनं माखलेली, मला दम देत होती. "मर्टल, तुझ्या रक्ताचे आकडे बघून मला झोप लागत नाही." म्हटलं, मग चहा कमी पी. माझं ठरलं आहे. दीड महिन्यात रान मिळतंय. मी इथे पाण्याजवळ बसेन. आता कुंपण नाही.

मीठ खाते. थोडं.

फिलिपा परत आली होती. वरून विचारतायत, कागदावर काय छापायचं. त्यांच्यातल्या एकानं सुचवलं, पूर्वी इथे जो लष्करी अधिकारी होता त्याचं नाव देऊ या, माणूस फार लोकप्रिय होता. मावशीनं विचारलं, "कुणात?" फिलिपा म्हणाली, मी फक्त निरोप आणलाय. मावशी म्हणाली, "निरोप परत ने, जड नाही."

मग कुणी म्हणालं, दुसरंच नाव पाडा, सोपं. मी उठले. म्हटलं, रान दुसरं आहे का? मग नाव दुसरं का? फिलिपानं फळ्यावरचं 'कुन्मनारा' तासून काढून आणलंय. आता नुसतं लाकूड. मागे रंगाचा डबा ठेवून दिलाय मावशीनं, पांढरा.

वहिनी, मी ओढून घेत नाही. नाव तुझं, ते मला कळलंय. पण मी पाण्यावर जाते तेव्हा अजून कुणी मला ओळखत नाही. एवढंच.

सोहळा वीस सप्टेंबरला.

मर्टल


रेंज
२१ सप्टेंबर

लोर्ना वहिनी,

झालं. रान मिळालं.

तू आली नाहीस हे तुला माहीतच आहे, पण काय झालं ते ऐक.

साहेब नवी टोपी घालून आला होता, आतलं लेबल लोंबत होतं. माशा त्याच्या तोंडात शिरत होत्या आणि तो भाषण करत होता. सगळी वस्ती आली, ट्रक भरभरून. ज्यांना टीव्ही पाहिजे होता तेही आले, शेपट्या भाजणार होतो ना. मावशी पुढे खुर्चीत, नवा झगा. फळ्यावर चादर टाकलेली.

भाषण संपलं आणि साहेब कागद उघडून म्हणाला, "तर मग या जागेचं नाव काय?"

तेवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. एक गाडी, जोरात येतेय. सगळ्यांच्या माना तिकडे. गॅरेजवाला म्हणाला, "आली! लोर्ना आली!" बायका उठून उभ्या राहिल्या. मावशीनं काठी शोधली. मी काही केलं नाही, पण उभी होते आधीपासूनच.

आइस्क्रीमवाला निघाला. फिलिपानं पोरांसाठी मागवला होता.

पोरं पळाली तिकडे. साहेब घड्याळ बघायला लागला. म्हणाला, "मला काहीतरी लिहावं लागेल. आधीचंच ठेवू का? तो शब्द छान होता."

मी म्हटलं, "साहेब, नाव आहे. आत्ता आमच्याकडे नाही. जिच्याकडे आहे ती देईल तेव्हा देईल."

"पण सरकारी कागदावर रिकामी जागा कशी सोडणार?"

मावशी बसल्याजागी म्हणाली, "तुम्ही माझं रान इतकी वर्षं ठेवून घेतलंत. मी एवढीशी जागा थोडे दिवस ठेवून घेतली तर कुठे बिघडलं?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आइस्क्रीमवाल्यानं पण. साहेबाला हसावं लागलं. फिलिपानं पेनानं एक रेघ मारून दिली, त्यावर नंतर लिहायचं. त्यांच्या कागदावर आपलं रान म्हणजे एक आडवी रेघ. चादर काढली तर खाली कोरं लाकूड. त्याचाच फोटो काढला.

दुपार कलली तशी सगळे गेले. मला वाटलं होतं एखादं बिऱ्हाड तरी राहील. गाद्या आणल्या होत्या एकानं, त्या बसायला होत्या. ट्रक गेले, धूळ बसली, कर्नल हाडं गोळा करत हिंडत होता. मी पाण्यावर गेले. म्हटलं, आता रान आपलं झालं, हाक मारून सांगावं. तोंड उघडलं. काय म्हणून हाक मारू? रानाला मारू का त्याला मारू? दोघांचं एकच, आणि ते माझ्याकडे नाही.

मग बादली भरली आणि आले.

तुला दोष देत नाहीये. जे झालं ते लिहिलं.

मर्टल


क्लिनिक, कॅसिडी बोअर
३ ऑक्टोबर

लोर्ना वहिनी,

मी पाण्यापाशी पडले असं सिस्टर तुला फोनवर सांगेल. पडले नव्हते. बसले होते, उठता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मुकादम राहिलेलं सामान न्यायला आला म्हणून सापडले. कर्नल भुंकत होता म्हणे, पहिल्यांदाच माझ्या पुढे उभं राहून.

मला वाटायचं पाण्याजवळ बसून मरणं म्हणजे शांत असेल. वहिनी, तहान लागते गं. पाणी हाताशी, आणि दगड सरकवायला हातात जोर नाही. मान वळवून बघत होते, कुणी येतंय का. कुणीही. केविन, बॅरी, कुणीही. तो कुंपणाला टेकून एकटा बसला असता तर त्याचंही हेच झालं असतं, हे तिथे पडल्या पडल्या, म्हणजे बसल्या बसल्या डोक्यात आलं.

मंगळवारच्या विमानानं मला तिकडे पाठवतायत. मावशीला म्हटलं, रान मिळालं आणि मीच निघाले. ती म्हणाली, "ते कुठे जातंय आता? तू ये जाऊन."

घ्यायला येऊ नकोस, मला शहरातल्या गर्दीत रडारड आवडत नाही. पत्ता सिस्टरनं लिहून दिलाय. नाव मागायला येत नाहीये. ते राहू दे तुझ्याकडे, मी त्याबद्दल एक अक्षर काढणार नाही.

माझं एवढंच सांगणं आहे. डब्यात घालून पाठवू नकोस. जिवंत पाठव.

मर्टल


ॲडिलेड
१२ ऑक्टोबर

नुंगाल्का मावशी,

हे सिस्टर तुला वाचून दाखवेल. सिस्टर, सावकाश वाच, आणि मध्ये मध्ये खोकू नकोस.

पोचले. लोर्ना विमानतळावर आली नव्हती, बरं झालं. घरी खड्ड्यात शेपटी पुरून बसली होती. मला बघून म्हणाली, "बारीक झालीस." म्हटलं, "तू जाड." झालं आमचं बोलणं. ती वाढत गेली, मी खात गेले. मीठ नव्हतं. मी काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनवर नेलं. खिडकीतून खरंच दुसऱ्याची भिंत दिसते. पडदे निळे आहेत. सात-आठ जण खुर्च्यांवर, नळ्या लावलेले, सगळे आपल्याकडचे, लांब लांबच्या वस्त्यांवरचे. मी कुणाला ओळखत नव्हते, मला कुणी ओळखत नव्हतं. मी दाराशी उभी राहिले, मावशी, आणि पाय पुढे जाईना. फाटकाशी झालं होतं तसंच झालं.

कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं मान वर केली आणि विचारलं, "कोण गं ही? कुणाची?"

लोर्नानं माझा हात धरला. तू धरला होतास तसाच, मनगटावर. मला वाटलं आता हीही थांबणार. मग तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशी, "ही तिरुन्याची बहीण."

खुर्च्यांवरच्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या.

मग म्हातारी म्हणाली, "असं होय? तिरुन्याची? ये, ये, इथे बस. त्याचीच खुर्ची ही."

लोर्नानं माझ्या पायांवर पांघरूण घातलं आणि पडदे ओढायला गेली. बराच वेळ ओढत होती. निसटलं की ठरवून बोलली, मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

गॅरेजवाल्याला सांग, त्याचं नाव त्याला परत मिळालं. फिलिपाला फोन कर. पाण्यावर जाशील तेव्हा फाटकाशी उभी राहा आणि माझी राहिलेली ओळख करून दे. मी तिथे नसले तरी चालेल, ऐकू जाईल त्यांना. कर्नलला हाड घाल.

आणि रंगाचा डबा उघड. अक्षरं मोठी काढा, लांबून येणाऱ्याला दिसली पाहिजेत. सिस्टर, तू मावशीला काढून दाखव. असं.

तिरुन्या.